परदेशी जोडीदाराचा भारतीय नागरिकत्वासाठी अर्ज : नागपुरात करावयाची तयारी, टप्प्यांचा क्रम आणि नेहमीच्या चुका

भारतीय नागरिकाशी लग्न झाले म्हणजे परदेशी पती किंवा पत्नीला आपोआप नागरिकत्व मिळते, असा समज अजूनही अनेक घरांत आहे. प्रत्यक्षात लग्नामुळे अर्ज करण्याचा एक मार्ग खुला होतो, आणि त्या मार्गावर लग्नापेक्षा वास्तव्याचा पुरावा अधिक काटेकोरपणे तपासला जातो. बहुतेक अर्ज अडकतात ते पात्रता नसल्यामुळे नव्हे, तर कामे चुकीच्या क्रमाने केल्यामुळे : दिवस न मोजता फॉर्म भरलेला असतो, कागदोपत्री नावे जुळत नसतात, किंवा मूळ देशाचा पासपोर्ट वेळेआधीच परत केलेला असतो. म्हणून पुढील टप्पे दिलेल्या क्रमानेच पूर्ण करावेत.

१. आपला मार्ग कोणता, हे आधी ठरवावे

नागरिकत्व अधिनियम, १९५५ च्या कलम ५(१)(सी) नुसार भारतीय नागरिकाशी विवाहित असलेल्या आणि अर्जापूर्वी सात वर्षे भारतात सामान्यतः राहत असलेल्या व्यक्तीला नोंदणीद्वारे नागरिकत्व मागता येते. यासाठी नागरिकत्व नियम, २००९ मधील फॉर्म ३ वापरायचा असतो. फॉर्म ८ हा देशीयकरणाचा (नॅचरलायझेशनचा), म्हणजे कलम ६ चा आहे. तो चुकून भरला गेला, तर संविधानाच्या आठव्या अनुसूचीतील भाषेच्या ज्ञानाची अट आणि वास्तव्याचा वेगळा हिशेब मागे लागतो. विवाहाच्या आधारे अर्ज करणाऱ्याला कायद्याने भाषेची अट घातलेली नाही.

दुसरा मार्ग ओसीआय कार्डाचा, म्हणजे परदेशी नागरिकाला भारतात दीर्घकाळ राहू देणाऱ्या ‘ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया’ कार्डाचा आहे. विवाह नोंदवलेला असेल आणि अर्जाच्या लगेच आधी सलग दोन वर्षे टिकलेला असेल, तर कलम ७ए नुसार परदेशी जोडीदाराला सुरक्षाविषयक मंजुरीनंतर ओसीआय कार्ड मिळू शकते. कार्ड मिळून पाच वर्षे झाल्यावर आणि अर्जापूर्वीचे बारा महिने भारतात राहिल्यावर कलम ५(१)(जी) खाली, फॉर्म ७ भरून नागरिकत्व मागता येते. मिहानमधील किंवा हिंजवडीतील कंपनीने दर दोन वर्षांनी बाहेरदेशी पाठवावे, अशा नोकरीत असलेल्या जोडप्याला सात वर्षांचा हिशेब जुळवणे फार कठीण जाते. अशांनी हा दुसरा मार्ग आधी विचारात घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र विवाह कायद्याने संपुष्टात आला, तर विवाहावर आधारलेले ओसीआय कार्डही रद्द होऊ शकते, हे लक्षात ठेवावे.

ज्यांचे आई-वडील, आजी-आजोबा किंवा पणजी-पणजोबा पाकिस्तानचे अथवा बांगलादेशचे नागरिक आहेत किंवा होते, त्यांच्यासाठी ओसीआयचा मार्ग बंद आहे. जरीपटक्यातील अनेक सिंधी कुटुंबांना हा प्रश्न प्रत्यक्ष भेडसावतो. पाकिस्तानी नागरिक असलेल्या जोडीदाराच्या बाबतीत दीर्घ मुदतीचा व्हिसा, म्हणजे एलटीव्ही, हाच वास्तव्याचा कणा ठरतो. पाकिस्तान, अफगाणिस्तान आणि बांगलादेशातील हिंदू, शीख, बौद्ध, जैन, पारशी व ख्रिस्ती व्यक्ती ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत भारतात आल्या असतील, तर त्यांच्यासाठी २०१९ च्या दुरुस्तीनुसार स्वतंत्र तरतूद, स्वतंत्र पोर्टल आणि वेगळे फॉर्म आहेत. ते प्रकरण या लेखाच्या कक्षेबाहेरचे आहे.

*तपासणी :* आपला भारतीय जोडीदार आजही भारतीय नागरिक आहे ना? त्याने मध्यंतरी दुसऱ्या देशाचे नागरिकत्व घेतले असेल आणि आता त्याच्याकडे ओसीआय कार्ड असेल, तर कलम ५(१)(सी) लागू होत नाही.

२. दिवसांचा हिशेब

या संपूर्ण प्रक्रियेत सर्वांत जास्त वेळ द्यावा असा हा टप्पा आहे, आणि नेमका यालाच लोक सर्वांत कमी वेळ देतात.

सात वर्षे लग्नाच्या तारखेपासून मोजली जातात, हा पहिला गैरसमज. कायद्यातील सात वर्षे वास्तव्याची आहेत आणि त्यांची विभागणी स्पष्टपणे दिलेली आहे : अर्जाच्या लगेच आधीचे बारा महिने पूर्णपणे भारतात गेलेले असावेत, आणि त्या बारा महिन्यांच्या आधीच्या आठ वर्षांत मिळून किमान सहा वर्षे भारतात गेलेली असावीत.

एक उदाहरण घेऊ. समजा, अर्ज १ ऑगस्ट २०२६ रोजी करायचा आहे. मग १ ऑगस्ट २०२५ ते ३१ जुलै २०२६ हा अखंड वास्तव्याचा काळ झाला. त्याआधीचा आठ वर्षांचा काळ १ ऑगस्ट २०१७ ते ३१ जुलै २०२५ असा येतो. त्यात २०२० आणि २०२४ ही दोन लीप वर्षे असल्यामुळे एकूण २,९२२ दिवस भरतात. सहा वर्षे पूर्ण व्हायची, तर या आठ वर्षांत भारताबाहेर गेलेल्या दिवसांची बेरीज साधारण ७३० च्या आत राहिली पाहिजे. हिशेब अगदी काठावर येत असेल, तर घाई न करता दोन-तीन महिने थांबून अर्ज करणे शहाणपणाचे आहे, कारण जाण्या-येण्याचा दिवस कोणत्या बाजूला धरायचा, यावरून वाद होऊ देण्यात आपला काहीच फायदा नाही.

हिशेबासाठी कोऱ्या कागदावर किंवा एक्सेलमध्ये चार रकाने आखावेत : भारतातून बाहेर पडल्याची तारीख, परत आल्याची तारीख, विमानतळ किंवा सीमा नाका, आणि पासपोर्टच्या ज्या पानावर शिक्का आहे त्या पानाचा क्रमांक. नागपूरहून निघालेला प्रवासी अनेकदा मुंबई किंवा दिल्लीमार्गे देशाबाहेर जातो, त्यामुळे इमिग्रेशनचा शिक्का तिथला असतो आणि त्याची तारीख नागपूरच्या तिकिटावरील तारखेपेक्षा एक दिवस पुढची असू शकते. हिशेबात शिक्क्याची तारीख धरावी, तिकिटावरची नव्हे. नऊ वर्षांत पासपोर्ट बदललेला असेल, तर जुना पासपोर्टही लागेल. तो नूतनीकरणाच्या वेळी दूतावासाने परत दिला नसेल, तर त्याच्या सर्व पानांच्या प्रती, व्हिसा आणि नोंदणीचे जुने कागद गोळा करून ठेवावेत.

नेपाळच्या नागरिकांना भारतात राहण्यासाठी व्हिसा लागत नाही, त्यामुळे त्यांच्याकडे शिक्क्यांची साखळीच नसते. त्यांनी भाडेकरार, बँक खाते, नोकरीचे दाखले, मुलांच्या शाळेतील नोंदी अशा कागदांतून वर्षागणिक पुरावा उभा करावा.

*इशारा :* शेवटच्या बारा महिन्यांत माहेरच्या लग्नासाठी किंवा आई-वडिलांच्या आजारपणामुळे बाहेर जावे लागले, तर कलम ५(१ए) नुसार केंद्र सरकार विशेष परिस्थितीत, वेगवेगळ्या खंडांत मिळून जास्तीत जास्त तीस दिवसांची सूट देऊ शकते. ती सूट हा हक्क नाही. कारण लेखी नोंदवावे लागते आणि त्याचा पुरावा जोडावा लागतो. शक्य असेल तर बारा महिने परतल्यापासून नव्याने मोजावेत.

३. नाव सर्व कागदांवर एकच असावे

आपल्याकडे लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने नवरीचे नवे नाव लिहिण्याची रीत आहे, आणि घरात सून त्याच नावाने ओळखली जाते. त्यात गैर काहीच नाही. पण ते नाव आधार कार्डावर, बँकेत किंवा विवाह प्रमाणपत्रावर गेले आणि पासपोर्टवर मात्र जन्माचेच नाव राहिले, तर अर्ज तपासणाऱ्या अधिकाऱ्यासमोर दोन वेगवेगळ्या व्यक्ती उभ्या राहतात. पतीचे नाव मधले नाव म्हणून लावण्याची पद्धतही असाच घोळ करते. परदेशी पासपोर्टमध्ये नाव आणि आडनाव असे दोनच भाग असतील, तर इथल्या कागदावरचा तिसरा भाग कुठून आला, हे विचारले जाते.

नियम साधा ठेवावा : नागरिकत्वाचे प्रमाणपत्र हाती पडेपर्यंत प्रत्येक सरकारी कागदावर परदेशी पासपोर्टवरचेच नाव, त्याच स्पेलिंगसह वापरावे. आडनाव बदलायचेच असेल, तर आधी मूळ देशाच्या पासपोर्टमध्ये बदलून घ्यावे, मग इथले कागद त्यानुसार दुरुस्त करावेत, आणि सगळे जुळल्यावरच अर्जाला हात लावावा. फक्त प्रतिज्ञापत्र करून ‘ही दोन्ही नावे एकाच व्यक्तीची आहेत’ असे लिहून देणे हा शेवटचा उपाय समजावा.

४. विवाहाचा आणि जोडीदाराच्या नागरिकत्वाचा पुरावा

मंगल कार्यालयातील फोटो, लग्नपत्रिका किंवा देवस्थानाने दिलेला दाखला पुरेसा नाही. विवाह निबंधकाने दिलेले प्रमाणपत्र लागते. जोडप्यातील एक जण जरी हिंदू नसेल, तर हिंदू विवाह कायदा लागू होत नाही, जरी सप्तपदी विधिवत झाली असली तरी. अशा वेळी विशेष विवाह कायदा, १९५४ खाली विवाह करावा, किंवा इतर पद्धतीने झालेला विवाह त्याच कायद्याच्या कलम १५ खाली नोंदवावा. दोन्ही बाबतींत तीस दिवसांची नोटीस आणि जिल्ह्यात तीस दिवसांच्या वास्तव्याची अट आहे, म्हणून हे काम शेवटच्या महिन्यावर ढकलू नये.

विवाह परदेशात झाला असेल, तर त्या देशाच्या प्रमाणपत्रावर तिथल्याच यंत्रणेकडून अपोस्टील, म्हणजे कागद खरा असल्याचे आंतरराष्ट्रीय प्रमाणीकरण, करून घ्यावे. इंग्रजीत नसलेल्या प्रमाणपत्राचे अधिकृत भाषांतर जोडावे. परदेशी कागदावर भारतातील यंत्रणा अपोस्टील देत नाही. मूळ देशात जाणे होणार असेल, त्याच फेरीत हे काम उरकावे. अर्थात, ती फेरी शेवटच्या बारा महिन्यांच्या आत येऊ नये.

भारतीय जोडीदाराच्या नागरिकत्वासाठी वैध भारतीय पासपोर्ट किंवा जन्म प्रमाणपत्र जोडावे. फक्त आधार कार्ड जोडून चालत नाही, कारण आधार हा नागरिकत्वाचा पुरावाच नाही.

मुलांविषयी एक गोष्ट इथेच सांगून ठेवतो. ३ डिसेंबर २००४ पासून भारतात जन्मलेल्या मुलाचे एक पालक भारतीय असतील आणि दुसरे अवैध स्थलांतरित नसतील, तर ते मूल जन्मानेच भारतीय आहे. त्याच्यासाठी वेगळा अर्ज करू नये.

५. वास्तव्याची फाइल

कायदा अवैध स्थलांतरिताला हा मार्ग देतच नाही, आणि व्हिसाची मुदत संपल्यावर थांबलेली व्यक्तीसुद्धा त्या व्याख्येत येते. म्हणून व्हिसा आणि निवास परवान्याची साखळी पहिल्या दिवसापासून आजपर्यंत सलग दिसली पाहिजे. एकशे ऐंशी दिवसांपेक्षा जास्त मुदतीच्या व्हिसावर आलेल्यांना सर्वसाधारणपणे भारतात आल्यापासून चौदा दिवसांत नोंदणी करावी लागते. नोंदणी, मुदतवाढ आणि पत्ताबदल ही कामे आता ई-एफआरआरओ, म्हणजे परदेशी नागरिकांच्या नोंदणी कार्यालयाच्या, पोर्टलवरून होतात.

फाइलमध्ये वर्षानुसार कप्पे करावेत, आणि प्रत्येक वर्षासाठी निवास परवाना व पत्त्याचा किमान एक स्वतंत्र पुरावा ठेवावा. भाड्याच्या घरात राहत असल्यास नोंदणीकृत लिव्ह अँड लायसन्स करार हवा. घरमालकाने साध्या कागदावर लिहून दिलेली संमती पडताळणीच्या वेळी फारशी कामी येत नाही. प्रतापनगरातून मनीषनगरला घर बदलले, पण पत्ताबदल कळवलाच नाही, अशी प्रकरणे फार असतात. परवान्यावर जुना पत्ता, अर्जावर नवा पत्ता आणि आधारवर तिसराच, अशा स्थितीत पडताळणी कोणत्या पोलीस ठाण्याकडे जाईल, हेच ठरत नाही.

*इशारा, आणि हा सर्वांत गंभीर आहे :* नागरिकत्व मिळण्यापूर्वी परदेशी जोडीदाराचे नाव मतदार यादीत घालू नये. ‘घरातल्या सगळ्यांचे झाले, सुनेचेही करून टाकू’ म्हणून कोणी फॉर्म भरून आणतो, आणि त्यावर ‘मी भारतीय नागरिक आहे’ असे घोषणापत्र असते. ते खोटे घोषणापत्र ठरते, आणि लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५० नुसार तो गुन्हा आहे. भारतीय पासपोर्टसाठी अर्ज करणे तर त्याहून वाईट. असे काही आधीच घडले असेल, तर ते लपवून अर्ज करू नये. वकिलाचा सल्ला घेऊन नाव वगळण्याची प्रक्रिया आधी पूर्ण करावी. खोटी माहिती देऊन किंवा महत्त्वाची गोष्ट लपवून मिळवलेले नागरिकत्व कलम १० नुसार पुढे काढूनही घेता येते.

६. ऑनलाइन अर्ज

अर्ज गृह मंत्रालयाच्या नागरिकत्व पोर्टलवर भरावा लागतो. भरण्यापूर्वी सर्व कागद स्कॅन करून, प्रत्येक फाइलला ओळखू येईल असे नाव देऊन एका फोल्डरमध्ये ठेवावेत. वैध परदेशी पासपोर्ट, चालू निवास परवाना किंवा एलटीव्ही, विवाह प्रमाणपत्र, जोडीदाराच्या नागरिकत्वाचा पुरावा, छायाचित्र आणि पोर्टलवर त्या वेळी मागितलेली प्रतिज्ञापत्रे व शुल्काची पावती, एवढा संच किमान तयार असावा.

सायबर कॅफेतील किंवा सेतू केंद्राबाहेरील माणसाकडून फॉर्म भरून घेण्याची सवय इथे घातक ठरते. गुन्हेगारी प्रकरणे, पूर्वीचे अर्ज, परदेशातील वास्तव्य अशा प्रश्नांची उत्तरे तो माणूस अंदाजाने ‘नाही’ अशी देऊन टाकतो, आणि त्या उत्तरांची जबाबदारी मात्र सही करणाऱ्यावर राहते. अर्ज स्वतः भरावा, सादर करण्यापूर्वी भारतीय जोडीदाराने तो मोठ्याने वाचावा, आणि अर्जदाराने पासपोर्ट हातात धरून एकेक नोंद ताडून पाहावी. अर्ज सादर झाल्यावर मिळालेला फाइल क्रमांक दोन-तीन ठिकाणी लिहून ठेवावा.

७. जिल्हाधिकारी कार्यालय आणि पडताळणी

अर्जदार ज्या जिल्ह्यात राहतो, तिथल्या जिल्हाधिकाऱ्यांमार्फत अर्ज पुढे जातो. नागपूर जिल्ह्यातील रहिवाशांसाठी हे कार्यालय सिव्हिल लाइन्समध्ये आहे. छापील अर्ज, स्वाक्षरी केलेल्या प्रती आणि पडताळणीसाठी मूळ कागद घेऊन अर्जदाराने स्वतः जावे. अर्ज आवक शाखेत नोंदवून शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक असलेली पोच घेतल्याशिवाय परत फिरू नये. ‘ठेवून जा, नंतर बघू’ असे ऐकून निघून आलेल्या माणसाकडे पुढे दाखवायला काहीच उरत नाही.

त्यानंतर पोलीस पडताळणी होते. शहरात हे काम पोलीस आयुक्तालयाकडे, तर उमरेड, काटोलसारख्या ग्रामीण भागांत पोलीस अधीक्षकांच्या यंत्रणेकडे असते. केंद्रीय सुरक्षा यंत्रणांची चौकशी स्वतंत्रपणे चालते. पडताळणीसाठी कोणी घरी आले की शेजाऱ्यांनाही विचारतात. शेजाऱ्यांना आधी कल्पना देऊन ठेवावी, म्हणजे ‘त्या तर नेहमी बाहेरच असतात’ असे बेसावध वाक्य नोंदीत जात नाही. बाजारात गेलेल्या व्यक्तीविषयीही असे बोलले जाते, आणि त्याचा अर्थ देशाबाहेर असा घेतला जातो.

*तपासणी :* पडताळणी झाल्याची तारीख आणि ती करणाऱ्या पोलीस ठाण्याचे नाव नोंदवून घेतले का? अहवाल मागे राहिल्यास पाठपुरावा कुठे करायचा, हे त्यावरून कळते.

८. प्रतीक्षेचा काळ

नियमांनुसार जिल्हाधिकाऱ्यांनी अहवालासह अर्ज साठ दिवसांत राज्य शासनाकडे, आणि राज्य शासनाने तो तीस दिवसांत शिफारशीसह केंद्रीय गृह मंत्रालयाकडे पाठवायचा असतो. प्रत्यक्षात याहून बराच अधिक वेळ लागू शकतो, आणि त्याची मानसिक तयारी दोघांनीही ठेवावी.

या काळात सर्वांत जास्त होणारी चूक म्हणजे ‘अर्ज तर केलाच आहे’ म्हणून निवास परवान्याची मुदतवाढ न घेणे. प्रलंबित अर्जामुळे भारतात राहण्याचा कोणताही हक्क निर्माण होत नाही. परवाना संपला, तर अर्जदार मुदतबाह्य राहणारा ठरतो आणि इतक्या वर्षांची मेहनत धोक्यात येते. मुदतवाढीची तारीख घरातील दिनदर्शिकेवर दोन महिने आधीच लिहून ठेवावी.

पोर्टलवर त्रुटी कळवली गेली, तर उत्तर पोर्टलवर द्यावेच, आणि त्याची प्रत कार्यालयातही पोच घेऊन द्यावी. प्रकरण कोणत्या टेबलावर आहे, हे कळत नसेल, तर माहितीचा अधिकार वापरता येतो. मात्र २००५ च्या त्या कायद्याखाली माहिती मागण्याचा अधिकार फक्त नागरिकांना आहे. परदेशी अर्जदाराने स्वतःच्या सहीने केलेला अर्ज याच कारणाने फेटाळला जाऊ शकतो. तो भारतीय पतीने किंवा पत्नीने, जोडीदाराचे संमतिपत्र जोडून करावा.

९. स्वीकृतिपत्र, मूळ नागरिकत्वाचा त्याग आणि शपथ

भारतीय कायद्यात दुहेरी नागरिकत्व नाही, म्हणून मूळ नागरिकत्व सोडावेच लागते. परंतु ते कधी सोडायचे, यावर सर्व काही अवलंबून आहे. सरकारकडून अर्ज स्वीकारल्याचे पत्र येते आणि त्यागाचा पुरावा मागितला जातो, त्यानंतरच त्यागाची प्रक्रिया सुरू करावी. चांगला हेतू दाखवण्यासाठी आधीच पासपोर्ट परत करणाऱ्या व्यक्तीकडे ना जुने नागरिकत्व राहते, ना नवे मिळालेले असते. तिचा व्हिसा ज्या पासपोर्टवर होता, तो पासपोर्टच अस्तित्वात राहत नाही.

प्रत्येक देशाची त्यागाची पद्धत वेगळी आहे, त्यामुळे ती आधी वाचून ठेवावी. ब्रिटनमध्ये त्याग नोंदवल्यापासून सहा महिन्यांत दुसरे नागरिकत्व मिळाले नाही, तर तो त्याग झालाच नाही असे मानले जाते. जपानच्या कायद्यानुसार स्वेच्छेने दुसरे नागरिकत्व स्वीकारताच मूळ नागरिकत्व संपते. दूतावास किंवा वाणिज्य दूतावासाच्या कामासाठी बहुधा दिल्ली किंवा मुंबई गाठावी लागते. भेटीची वेळ मिळायला लागणारा काळ आणि स्वीकृतिपत्रात दिलेली मुदत यांचा मेळ पत्र हाती येताच घालावा. मुदत अपुरी वाटली, तर ती संपण्यापूर्वी लेखी वाढ मागावी.

त्यागाचा पुरावा, उर्वरित शुल्क आणि अधिनियमाच्या दुसऱ्या अनुसूचीतील निष्ठेची शपथ, एवढे पूर्ण झाल्यावर नोंदणीचे प्रमाणपत्र मिळते. प्रमाणपत्रावरील नाव, जन्मतारीख आणि जोडीदाराचे नाव तिथल्या तिथे वाचून पाहावे. चूक असेल, तर तीच पुढच्या प्रत्येक कागदावर उतरते.

१०. प्रमाणपत्रानंतरची कामे

नागरिकत्व नोंदणीच्या तारखेपासून सुरू होते. प्रथम परदेशी नागरिक म्हणून असलेली नोंद बंद करून घ्यावी, आणि ओसीआय कार्ड असेल तर ते परत करावे. मूळ देशाचा पासपोर्ट त्या देशाच्या नियमानुसार जमा करावा, पण त्याआधी त्याच्या सर्व पानांच्या रंगीत प्रती काढून ठेवाव्यात. मग आधारमधील माहिती अद्ययावत करून मतदार नोंदणीचा फॉर्म ६ भरावा, आणि नागपूरच्या प्रादेशिक पासपोर्ट कार्यालयाच्या कक्षेत नोंदणी प्रमाणपत्र जोडून भारतीय पासपोर्टसाठी अर्ज करावा. लग्नात ठेवलेले नाव अधिकृत करायचे असेल, तर राजपत्रात नावबदल प्रसिद्ध करण्याची योग्य वेळ प्रमाणपत्र मिळाल्यानंतर आणि पासपोर्टचा अर्ज करण्यापूर्वी ही आहे, म्हणजे पहिलाच भारतीय पासपोर्ट हव्या त्या नावाने निघतो. भारतीय पासपोर्ट हाती येईपर्यंत परदेश प्रवासाचे तिकीट काढू नये, कारण जुन्या पासपोर्टवर आता प्रवास करता येत नाही.